गाडीत लिथियम बॅटरी बसवायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

ट्रॅव्हलर नाहीतर ईको घेऊन कॅम्पर करायला निघालेले बरेच जण आधी मागे बसवायची दुसरी, लिथियमची बॅटरी घेऊन मोकळे होतात आणि मग ती चार्ज कशाने करायची ते शोधत बसतात. उलटं करा, आधी मल्टीमीटर घेऊन गाडीपाशी जा. इंजिन बंद असताना गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज बघा, चालू करून बघा आणि अर्धा तास फिरवून आणल्यावर इंजिन चालूच ठेवून परत बघा. जुन्या गाडीत ते १४ च्या आसपास टिकून राहतं, पण १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा स्मार्ट आल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) असतो, बॅटरी भरली की तो व्होल्टेज पाडतो, कधीकधी पार साडेबाराला. अशा गाडीत कोणी "साधा रिले टाकू, झालं काम" म्हणालं, म्हणजे दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच, तर ऐकू नका, लिथियम कधी धड भरणारच नाही. जुन्या गाडीत वेगळीच भानगड, लिथियमचा आतला रेझिस्टन्स एवढा कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि घाटात ट्रॅफिकमध्ये आयडलवर उभं राहिलात की आल्टरनेटर तापून जळायची वेळ येते. त्यामुळे खरेदीत पहिलं नाव डीसी-डीसी चार्जरचं, म्हणजे गाडीच्या बॅटरीकडून ठरावीकच करंट घेऊन लिथियमला हवं ते व्होल्टेज देणाऱ्या डब्याचं, बॅटरीचं नाही.

१०० एएचच्या एका बॅटरीला ३० अँपिअरचा चार्जर पुरतो, पूर्ण रिकामी असली तरी साडेतीन तासांच्या ड्राइव्हमध्ये जवळपास भरते. त्यात लिथियमचं सेटिंग आहे ना ते दुकानातच बघा, साधारण १४.२ ते १४.६ व्होल्ट, नक्की आकडा बॅटरीच्या डेटाशीटवरून घ्यायचा. इग्निशनवर चालू होणारी एक बारीक वायरही शोधून ठेवा, म्हणजे गाडी बंद असताना चार्जर गाडीची पुढची बॅटरी पिणार नाही.

आता वायर, आणि इथे कंजूषपणा नको. चार्जर ३० अँपिअर देतो म्हणजे पुढच्या बॅटरीकडून ४० च्या आसपास ओढतो. बोनेटपासून मागच्या सीटखालपर्यंत वायर जिथून जाणार तिथूनच सुतळीने माप घ्या, सरळ रेषेत मोजलेलं नेहमी कमी पडतं. ५ मीटरला ६ एसक्यू एमएम टाकली तर जातानाच ०.६ व्होल्ट गळतात, १६ ची टाकली तर पाव व्होल्टच्या आत, म्हणून १६. मल्टीस्ट्रँड तांब्याचीच हवी, घरातली सिंगल कोअर गाडीच्या हादऱ्यांनी तुटते, आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त म्हणून गळ्यात मारतात तेव्हा टोक चाकूने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत द्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, तिथे लग्ज (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या तांब्याच्या टोप्या), हीटश्रिंक, ग्रोमेट सगळं एका फेरीत मिळतं. लग दाबायचा हायड्रॉलिक क्रिम्पर विकत नका घेऊ, कोणाचा तरी एका दिवसापुरता आणा, पण पक्कडीने दाबलेला लग मात्र नको.

फ्यूज दोन लागतात. वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, मधे कुठे इन्सुलेशन घासलं तर दोन्हीकडून करंट येणार, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरातच एकेक ६० अँपिअरचा. घरचा एमसीबी तिथे चालवू नका, एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी विझते, डीसीत ती पेटलेलीच राहते. निगेटिव्ह जोडताना पुढच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर दिसला तर तो आणि बॅटरी यांच्या मधे काही जोडू नका, चॅसिसला जोडा, रंग खरवडून, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशोब चुकतो.

बॅटरीची जागा इंजिनपासून लांब आणि उन्हात तापणाऱ्या पत्र्याला न चिकटलेली बघा. स्पिती-लडाखचा बेत असेल तर बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण करणारं सर्किट) शून्य अंशाखाली चार्जिंग तोडतो का ते विचारून घ्या, गोठलेल्या लिथियमला चार्ज केलं की सेल कायमचे खराब होतात. क्लॅम्प मीटर मागून आणणार असाल तर डीसी मोजणारा आणा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. वॉरंटीचं आणि आरटीओचंही आधीच विचारून ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीत नोंदलेल्या गोष्टी परस्पर बदलता येत नाहीत, सीट काढणार असाल तर हे आलंच.

कामाच्या दिवशी अंगठी-घड्याळ काढून ठेवा, पान्याला टेप गुंडाळा. सोलर नंतर टाकायचा विचार असेल तर बसबारवर (सगळ्या वायरी जिथे जोडतात ती पट्टी) एक बोल्ट मोकळा सोडा आणि एमपीपीटीला, म्हणजे सोलरच्या चार्जरला, आधी बॅटरी मग पॅनल जोडायचं एवढं झाकणावर मार्करने लिहून टाका.