मोठ्या वयात सायकल शिकवताना कॅरिअर धरू नका

तिशी-चाळिशीतल्या बाईला सायकल शिकवायची म्हटलं की कुणीतरी मागून कॅरिअर धरून पळतं, "पायडल मार, पायडल मार" म्हणून ओरडतं आणि मग न सांगता हात सोडतं. याच पद्धतीपायी कित्येक जणींनी एकदा पडून सायकलचं नाव टाकलं. दोष त्यांच्या वयाचाही नाही आणि धीटपणाचाही नाही. शिकवण्याचा क्रमच उलटा आहे. आधी तोल, मग पायडल.

सायकल दांडी नसलेली किंवा खाली उतरत्या दांडीची घ्या. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर २४ इंची चाक बरं. सलवारचा उजवा पाय घोट्याशी रबराने बांधा, ओढणी तिरपी घेऊन कमरेला गाठ मारा. साडी नेसूनच चालवायची असेल तर चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच.

जागा डांबरी किंवा सिमेंटची निवडा. गवतावर किंवा मऊ मातीवर पडलं तर लागत नाही, म्हणून लोक तिथे नेतात. पण तिथे चाक रुततं, वेग येत नाही आणि वेगाशिवाय तोल येत नाही. जेमतेम जाणवेल असा उतार, लांबी ३०-४० मीटर आणि शेवटी सपाट जागा मिळाली तर उत्तमच. बघे नकोत. नवरा, दीर, मुलं, सगळ्यांना घरी ठेवा.

आता दोन्ही पायडल काढा. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे एक नियम लक्षात ठेवा: पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पायडल सुटतात, पुढच्या चाकाकडे फिरवला की आवळतात. परत बसवताना पायडलवरची एल (डावं) आणि आर (उजवं) ही अक्षरं पाहा. डावं-उजवं बदलून जोर लावलात तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यावर बसतं त्याचे, आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो.

सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही तळपाय टाचेसकट जमिनीवर टेकतील. चवडे टेकून चालणार नाही. पाय पूर्ण टेकत असले की पडण्याची भीती निम्म्याने जाते, आणि भीती हाच मोठा अडथळा असतो.

खरी शिकवणी इथे सुरू होते, आणि घाई होते तीही इथेच. सीटवर बसून नुसतं चालायला सांगा, मग लांब ढांगा टाकायला. चालताचालता ब्रेक शिकवा: दोन्ही एकदम, हळूहळू दाबायचे, सायकल थांबल्यावरच पाय टेकायचे. बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचत नसतील तर बऱ्याच ब्रेकच्या मुठीजवळ छोटा स्क्रू असतो, तो फिरवून ब्रेक जवळ घ्या. हे न करता उताराला नेऊ नका.

मग उतारावर दोन-तीन ढांगा आणि दोन्ही पाय वर. सुरुवातीला क्षणभरच, मग एक-दोन सेकंद. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते. हे डोक्याने समजून उपयोग नाही, हातांना कळावं लागतं. आणि कॅरिअर धरलेलं असलं की सायकल कलतच नाही, मग हात शिकणार काय? म्हणून मागून धरू नका. खांदा, दंडही धरू नका. बाजूने चाला, बोला, हात लावू नका.

दोन गोष्टी सारख्या सांगाव्या लागतात. नजर चाकावर नको, दहा-पंधरा मीटर पुढे हवी; खड्ड्याकडे पाहिलं की सायकल खड्ड्यातच जाते. आणि "हळू चालव, पडशील" हा सल्ला कुणालाही देऊ देऊ नका. चालण्यापेक्षाही कमी वेगात सायकल सर्वांत जास्त डगमगते. खांदे ताठ आणि मुठी आवळलेल्या दिसल्या तर थांबवा, पाणी प्यायला द्या. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. थकलेली बाई पडते आणि तेच लक्षात ठेवते.

पाय वर घेऊन पाच-सहा सेकंद सरळ जाता आलं आणि थोडं वळताही आलं की पायडल बसवा. त्याआधी नाही, ती कितीही आग्रह करो. एक पायडल पुढे आणि आडव्यापेक्षा थोडं वर ठेवून त्यावर जोर द्यायचा, दुसरा पाय आपोआप येतो. वळणं, एक हात सोडून इशारा, मागे वळून पाहणं याच क्रमाने शिकवा.

शिकवणारी नुकतीच शिकलेली बाई असेल तर फार छान. अडतं कुठे हे तिला ताजं आठवत असतं. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवली गेली, तेव्हा शिकलेल्या बायकाच पुढच्या बायकांना शिकवत होत्या. लेडीज सायकली पुरेनात म्हणून तिथे कित्येकींनी दांडीच्या सायकली घेतल्या आणि दांडीवर मूल बसवून नेलं. तेव्हा तोल एकदा आला की "लेडीजच हवी" म्हणून अडून बसू नका.

रस्त्यावर येण्याआधी सीट वर घ्या, एकदम नाही, बोट-बोट करत. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, ही योग्य उंची. शिकतानाच्या खालच्या सीटवर रोज चालवलं तर गुडघे दुखतात आणि "सायकल मला झेपत नाही" असा गैरसमज होतो. उभ्या केलेल्या गाड्यांपासून निदान मीटरभर लांब चालवायचं, दार अचानक उघडतं.

घरात सायकल एकच असेल आणि मुलगाही ती वापरत असेल, तर सीटच्या नळीवर तिच्या उंचीला रंगीत टेप गुंडाळून खूण करा आणि बोल्टच्या जागी हाताने उघडणारा क्लँप बसवा. नाहीतर तिला दरवेळी पाना शोधावा लागतो, आणि मग ती चालतच निघते.