पोस्टग्रेसचा पासवर्ड विसरलात? सर्व्हर काढून टाकू नका

विंडोजच्या डेस्कटॉपवर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर टाकणं सोपं आहे. इन्स्टॉलरमध्ये नेक्स्ट-नेक्स्ट करत जा, पोर्ट ५४३२ राहू द्या, शेवटी स्टॅक बिल्डरची (जादा सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या टूलची) खूण काढा. शिकायला ८ जीबी रॅम पुष्कळ झाली, जास्त रॅम घ्यायला नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या चकरा नकोत.

गाडी अडते ती पासवर्डवर. मुख्य यूजरचं नावही 'पोस्टग्रेस'च. त्याचा पासवर्ड इन्स्टॉल करताना घाईत काहीतरी टाकला जातो आणि दुसऱ्या दिवशी 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. मग क्लासमधला एखादा सीनियर हमखास म्हणतो, 'काढून परत टाक ना बे!' ऐकू नका. अनइन्स्टॉल केलं तरी डेटा फोल्डर जागेवरच राहतो आणि पासवर्डही त्यातच असतो. तेच व्हर्जन परत टाकलं की इन्स्टॉलर जुना डेटा उचलतो आणि जुनाच पासवर्ड मागतो. चिडून फोल्डर उडवला, तर टेबलंही गेली.

खरा उपाय असा. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर बदल सेव्ह होणार नाही. डेटा फोल्डरमधल्या 'पीजी_एचबीए' फाइलची (कोणाला कसं आत घ्यायचं ते यात लिहिलेलं असतं) आधी कॉपी ठेवा. मग १२७.०.०.१ आणि ::१ (दोन्ही आपल्याच मशीनचे पत्ते) या दोन्ही ओळींच्या शेवटचं 'स्क्रॅम-शा-२५६', म्हणजे पासवर्ड तपासायची पद्धत, काढून 'ट्रस्ट' लिहा. दोन्ही म्हणजे दोन्ही! विंडोजवर 'लोकलहोस्ट' बरेचदा ::१ वर जातो. एकच ओळ बदलणारे तासभर डोकं धरून बसतात. सर्व्हिसेसमधून पोस्टग्रेस रीस्टार्ट करा, पीएसक्यूएलमध्ये (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत) शिरा, 'आल्टर यूजर' कमांडने नवीन पासवर्ड द्या. मग दोन्ही ओळी पूर्ववत करून पुन्हा रीस्टार्ट. ही शेवटची पायरी गाळली, तर त्या मशीनवर बसणारा कोणीही पासवर्डविना आत येईल.

पीजीॲडमिन, म्हणजे पोस्टग्रेस बटणांनी चालवायचं सॉफ्टवेअर, कधी स्वतःचा मास्टर पासवर्ड मागतो, तो वेगळा. पीएसक्यूएलमध्ये पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो. आणि कमांडनंतर '=#' च्या जागी '-#' दिसलं, तर अर्धविराम राहिलाय. एवढंच. माझं मत विचाराल तर पहिला महिना पीजीॲडमिन उघडूच नका, बटणं दाबून एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा येत नाही.

मराठी डेटाची एक गंमत. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या आवकेचं टेबल केलं आणि गावाच्या नावाला व्हारकॅर(४), म्हणजे जास्तीत जास्त चार अक्षरांची जागा, दिलं, तर 'नागपूर' मावत नाही. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. लेंग्थ ६ येते, यूटीएफ-८ मध्ये बाइट १८. सरळ 'टेक्स्ट' वापरा.

मे महिन्यात लाइट गेली तरी घाबरू नका. सर्व्हर सुरू होताना वाल फाइली (यात प्रत्येक बदल आधी नोंदवला जातो) वाचून कमिट, म्हणजे पक्का, झालेला डेटा परत आणतो, तेवढा वेळ त्याला द्या. मात्र वेग वाढवायचा म्हणून 'एफसिंक' (डेटा खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री करणारी सेटिंग) बंद करायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला आधी यूपीएस घेऊन द्यायला सांगा. खरं तर तेव्हाही बंद करू नका. या वाल फाइलींचा 'पीजी_वाल' फोल्डर फुगला म्हणून त्यातल्या फाइली हाताने पुसायच्या नाहीत. पूर्वी याचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं. 'लॉग' वाचून लोक तो साफ करायचे आणि डेटाबेस घालवायचे, म्हणून २०१७ च्या १० व्या व्हर्जनमध्ये नावच बदललं.