मोतीबिंदूचं ऑपरेशन शिकताय? मग निदान या चुका तरी टाळा

दरवर्षी नवीन पीजी (पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर) येतात आणि पहिल्या आठवड्यातच प्रश्न ठरलेला, सर फेको (मशीनने मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन) कधी मिळणार. अरे बाबा, अजून स्लिट लॅम्पवर (डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपवर) न्यूक्लियसची (मोतीबिंदूच्या गाभ्याची) ग्रेड सांगता येत नाही, डायरेक्ट फेको काय! यूट्यूबवर चार मिनिटांत होणारी केस बघून सगळ्यांना वाटतं की हातात मशीन आलं की झालं. त्या व्हिडिओत कापलेला भाग कोण दाखवतो?

दुसरं म्हणजे आमच्याकडे केसेस मोजायची फार हौस. माझ्या इतक्या झाल्या, तुझ्या किती. पण त्यातले किती पेशंट नीट बघतायत हे विचारलं की सगळे छताकडे बघतात. डब्ल्यूएचओचा जुना निकष तसा फार कडक नाहीये, ऑपरेशननंतर पेशंटकडे असलेल्या चष्म्यासह (किंवा चष्म्याशिवाय, जसा तो येईल तसा) किमान ८०% लोकांना ६/१८ (इतरांना १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून) किंवा त्याहून चांगलं दिसावं आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे ५% च्या आत असावेत. स्वतःच्या केसेस या फुटपट्टीवर लावून बघा, मग मोजा. ब्रिटनच्या ५५,५६७ ऑपरेशन्सच्या मोठ्या ऑडिटमध्ये मागचा पडदा (लेन्सच्या पिशवीची मागची भिंत; रेटिना, म्हणजे डोळ्याचा पडदा, नव्हे) फाटण्याचं प्रमाण १.९२% निघालं होतं, आणि कुठल्या केसेसमध्ये फाटतो या यादीत छोटी बाहुली, पांढरा किंवा ब्राऊन मोतीबिंदू, स्यूडोएक्सफोलिएशन (लेन्सवर कोंड्यासारखा पांढरा थर) यांच्या बरोबरीने ज्युनिअर सर्जन हेही एक कारण होतं. म्हणजे आपण स्वतः रिस्क फॅक्टर आहोत हे धरूनच टेबलवर बसायचं आणि केस निवडायची. एकच डोळा चालू असलेला पेशंट, घट्ट ब्राऊन मोतीबिंदू, हलणारी लेन्स, हे सुरुवातीला तुमचं नाही. राग आला तरी नाही.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, बायोमेट्री (लेन्सचा नंबर काढायची मोजमापं) टेक्निशियनवर सोडून देणे. याला कोणी चूक मानतच नाही कारण यात रक्त येत नाही. फाईलवर २४ लिहिलंय ना, मग सिस्टर २४ ची लेन्स द्या. अरे पण २४ कुठून आलं ते बघितलं का? कॅम्पच्या गर्दीत कॉन्टॅक्ट ए-स्कॅनचा (डोळ्याची लांबी मोजणाऱ्या मशीनचा) प्रोब कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागावर) जरा जास्त दाबला गेला की डोळ्याची लांबी कमी येते, लांबी कमी आली की लेन्सचा नंबर जास्त निघतो, आणि पेशंट दीड महिन्याने मायनसचा चष्मा घेऊन जातो. १ मिमीची चूक म्हणजे साधारण अडीच-तीन डायॉप्टरचा (म्हणजे चष्म्याच्या नंबराचा) घोटाळा. ऑपरेशन अगदी पुस्तकातल्यासारखं झालेलं असतं, कॉर्निया काचेसारखा स्वच्छ असतो, आणि तरी काका म्हणतात, डॉक्टर लांबचं काही दिसत नाही हो. मग आपले महाराज रेटिनात दोष शोधत बसतात, ओसीटी (रेटिनाचा स्कॅन) काढा म्हणतात.

माझी सवय सांगतो, बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. ऑपरेशनच्या आधी दोन्ही डोळ्यांची लांबी शेजारी शेजारी लिहून बघतो. ०.३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल आणि त्याला कारण दिसत नसेल तर पेशंटला परत मशीनवर पाठवतो, मग भले लिस्ट लांबली तरी चालेल. लांबी २२ च्या खाली किंवा २५ च्या वर दिसली की परत. के रीडिंग (कॉर्नियाच्या वक्रतेचं माप) विचित्र वाटलं की परत. आणि पेशंटला विचारतो की तरुणपणी चष्मा होता का, कितीचा होता. लहानपणापासून मायनसचा जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या माणसाची लांबी २२.८ आली असेल तर मशीन खोटं बोलतंय, माणूस नाही. दोन मिनिटं लागतात याला. पण घाई असते ना, ओटीत जायची.

टनेलबद्दल (डोळ्यात शिरायच्या बोगद्यासारख्या छेदाबद्दल) फार बोलत नाही. एसआयसीएसमध्ये (फेको मशीनशिवायच्या, छोट्या छेदाच्या ऑपरेशनमध्ये) लोक न्यूक्लियस काढण्याचं टेन्शन घेतात, पण तो अडकतो तो टनेल छोटा किंवा आखूड झाल्यामुळे. क्रेसेंट (टनेल करायचं ब्लेड) नीट आडवा ठेवा, क्लिअर कॉर्नियात एक-दीड मिमी आत शिरल्याशिवाय केरॅटोम (डोळ्याच्या आत शिरायचं ब्लेड) मागू नका. लवकर आत घुसलात की आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत भाग) बाहेर येणार, आणि मग ऑपरेशनभर तीच ढकलत बसा. वरचा फ्लॅप पातळ होऊन भोक पडलं तर तिथेच ओढाताण करू नका, दुसऱ्या बाजूने जरा खोल प्लेनमध्ये नवीन सुरुवात करा.

रेक्सिस (लेन्सच्या पिशवीच्या पुढच्या भिंतीत पाडायचं गोल भोक) पळाली, म्हणजे फाट कडेकडे जायला लागली, की थांबा, व्हिस्को (डोळ्यात भरायची घट्ट जेल) भरा, मग फ्लॅप उलगडून सपाट करून आधी उलट दिशेने आणि मग मध्याकडे ओढा, लिटलची युक्ती म्हणतात ती. नाही जमली तर कॅन ओपनर (गोलाकार छोटे छोटे छेद) करा, लाज कसली त्यात. आणि पांढऱ्या मोतीबिंदूत ट्रिपॅन ब्लू (पिशवी रंगवायचा निळा रंग) वापरा. 'मला दिसतंय सर' म्हणणाऱ्यांचीच रेक्सिस पळते.

आता मोठी गोष्ट. मागचा पडदा फाटतो त्याने डोळा जात नाही, फाटल्यावरच्या पुढच्या दहा सेकंदांत आपण जे करतो त्याने जातो. आमच्याकडे एक थर्ड इयरचा मुलगा होता, हात खरंच चांगला, घाई मात्र अशी की विचारू नका. कॅम्पच्या आजी, एसआयसीएस, सगळं छान झालेलं. न्यूक्लियस निघाला, कॉर्टेक्स (गाभ्याभोवतीचा मऊ भाग) निघाला, फक्त बारा वाजताच्या जागी, टनेलच्या खालीच, एक छोटा तुकडा राहिला. मी शेजारच्या टेबलवरून म्हटलं, राहू दे रे, लेन्स टाक आधी, मग लेन्स फिरवली की सुटेल. तो म्हणाला, झालंच सर. आणि सिम्कोने (पाणी सोडत कॉर्टेक्स ओढायच्या नळीने) ओढलं. चेंबर (कॉर्नियामागची जागा) एकदम खोल झालं, बाहुली क्षणभर मोठी झाली, मागे एक काळा, नको तितका स्वच्छ गोल दिसायला लागला. त्यालाही कळलं. कळल्याबरोबर त्याने काय केलं, तर भाजल्यासारखा सिम्को बाहेर काढला. झालं! चेंबर बसलं, प्रेशर पुढून गेलं आणि व्हिट्रियस (लेन्समागची जेली) सरळ जखमेत. फट छोटी होती, ती डोळ्यादेखत मोठी झाली. वर त्याने स्पंज उचलला, व्हिट्रियस पुसायला. तेव्हा मात्र मी ओरडलो, हात वर कर म्हणून. स्पंजने व्हिट्रियस ओढणं म्हणजे त्याच्या दुसऱ्या टोकाला चिकटलेला रेटिना ओढणं.

करायचं काय ते पाठच करून ठेवा. इन्स्ट्रुमेंट जिथे आहे तिथेच ठेवायचं, पाणी चालू, फेको असेल तर पायाचं पेडल पोझिशन एकवर. दुसऱ्या हाताने साइडपोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) व्हिस्को भरायचं, चेंबर भरलं की मगच बाहेर यायचं. मग श्वास घ्या, सिनिअरला बोलवा, ट्रायमसिनोलोन (व्हिट्रियस पांढरं दिसायला लावणारं औषध) टाकून व्हिट्रियस कुठे कुठे आहे ते बघा आणि कटरने कापा, पाणी वेगळ्या साइडपोर्टमधून, कट रेट जास्त, व्हॅक्यूम कमी. आजींना आम्ही शेवटी सल्कसमध्ये (आयरिसच्या मागे, पिशवीच्या पुढे) लेन्स बसवली, बॅगेसाठी (म्हणजे पिशवीसाठी) ठरवलेल्या नंबरपेक्षा १ डायॉप्टर कमी (हेही विसरतात), १०-० नायलॉनचा एक टाका घातला. दीड महिन्याने चष्म्यासह ६/१२. फेकोवाल्यांनी लक्षात ठेवा, सिंगल पीस फोल्डेबल लेन्स सल्कसमध्ये टाकायची नाही म्हणजे नाही, आयरिसला घासत राहते.

पण मला खरा राग आला तो संध्याकाळी. ऑपरेशन नोट बघितली तर 'अनइव्हेंटफुल'. म्हणजे फॉलोअपला बसलेल्या पोराला कळणारच नाही की या आजींचा रेटिना ड्रॉप टाकून नीट बघायचाय, मॅक्युलाला (रेटिनाच्या मध्याला) सूज येते का यावर लक्ष ठेवायचंय. नोट परत लिहून घेतली, लाल पेनाने.

बाकी किरकोळ, पण रोजचं:

प्रोस्टेटची गोळी चालू आहे का हे काकांना विचारा, टॅमसुलोसिनवाली आयरिस ऑपरेशनमध्ये लोंबायला लागते.

पोस्टेरिअर पोलर मोतीबिंदूत (मागच्या पडद्यालगतच्या) हायड्रोडिसेक्शन (पाणी सोडून लेन्स पिशवीपासून सुटी करणं) करू नका. कोणी केलेलं बघितलं असेल तरी.

५% पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात टाकल्यावर तीन मिनिटं थांबायचं असतं, तीन सेकंद नाही.

पिकलेल्या मोतीबिंदूत मागचं दिसत नसेल तर बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी). डायबेटिसवाल्यांना आधीच सांगा की रेटिनाचं काय ते मोतीबिंदू निघाल्यावर कळेल, नंतर सांगितलं तर ते कारण वाटतं.

टेबलवर पेशंट जागा असतो. 'अरेरे', 'गेलं', 'शिट' हे सगळं त्याला ऐकू येतं.

बोकडाचे डोळे खाटकाकडे फुकटात नाहीतर किरकोळ पैशात मिळतात, फक्त ताजे सकाळीच आणा, दुपारपर्यंत कॉर्निया धुरकट होतो. त्यावर टनेल आणि टाके गिरवा. 'वेट लॅबला वेळ नाही सर' म्हणणारे कॅन्टीनमध्ये कसे काय सापडतात मला माहीत नाही.

आणि दीड महिन्याच्या फॉलोअपला आपल्या पेशंटचं रिफ्रॅक्शन स्वतः करा, ऑप्टोमेट्रिस्टकडे ढकलू नका. वहीत तीन रकाने पुरतात, लेन्सचा नंबर, ठरवलेलं रिफ्रॅक्शन, आलेलं रिफ्रॅक्शन. सगळे पेशंट एकाच बाजूला मायनसमध्ये जात असतील तर ए-स्कॅनच्या खोलीत जाऊन प्रोब कोण आणि कसा धरतंय ते बघून या.