शशिकलाताई काकोडकरांवर प्रबंधिका करायचीय? सुरुवात कायद्यांपासून करा

एम.ए.ला हा विषय घेतला की पहिलं प्रकरण ठरलेलं असतं: गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची कन्या, 12 ऑगस्ट 1973 ला भाऊंचं निधन, लगेच ताई मुख्यमंत्री. तारखा बरोबर आहेत. पण पुढे एप्रिल 1979 पर्यंत त्यांनी जो कारभार केला, तो या मांडणीत चार ओळींत उरकला जातो. ताईंवरचा हा अन्याय थांबवायचा असेल, तर चरित्र बाजूला ठेवा आणि आधी कायदे हातात घ्या.

कायदे दोन. कुळकायदा भाऊंच्या काळातला, 1964 चा. त्याने कुळाला संरक्षण दिलं. पण कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानणारी पाचवी दुरुस्ती 1976 ची, म्हणजे ताईंच्या काळातली. मुंडकार कायदा 1975 चा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर करून राहणाऱ्याला तिथून हुसकावता येऊ नये आणि ते घर त्याला विकत घेता यावं, यासाठी तो आला. कूळ शेतीचं, मुंडकार घराचा. या दोघांची गल्लत प्रबंधिकेत सर्रास दिसते, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो.

गल्लत टाळायला आपल्याच वाड्यावरचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा. कब्जेदाराच्या रकान्यात भाटकाराचं नाव, कुळाच्या रकान्यात कसणाऱ्याचं. मुंडकार या रकान्यात शोधू नका, त्याची नोंदवही मामलेदाराकडे वेगळी असते. कायदा मालक म्हणतो तरी कागदावर मालकी यायला मामलेदारासमोर किंमत ठरावी लागते, ती भरावी लागते, मग दाखला मिळतो. कितीतरी घरांचं काम याच वाटेत अडलेलं आहे. प्रबंधिकेचं सर्वांत मोलाचं प्रकरण इथे मिळेल.

‘गोवा राज्याच्या मुख्यमंत्री’ असं लिहू नका. घटक राज्य 30 मे 1987 ला झालं. ताईंच्या वेळी गोवा, दमण आणि दीव हा संघप्रदेश होता आणि वर नायब राज्यपाल होते. त्यातली जवळजवळ दोन वर्षं आणीबाणीची. कुठला निर्णय पणजीत होऊ शकत होता आणि कुठला दिल्लीला जात होता, हे वेगळं केल्याशिवाय त्यांच्या कारभाराचं मोजमाप होत नाही. ‘भारतातील पहिली महिला मुख्यमंत्री’ हेही चूक. त्यांच्याआधी उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि ओडिशात नंदिनी सत्पथी होत्या.

1977 च्या निवडणुकीचा आकडा ठळक लिहा: 30 पैकी ताईंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) 15. इतक्या काठावरच्या सरकारला दोन-तीन आमदारही जड जातात. 1979 मध्ये स्वपक्षाचेच आमदार फुटले, सरकार कोसळलं आणि राष्ट्रपती राजवट आली. याला नुसतं ‘दुर्दैव’ म्हणून सोडू नका, गणित मांडा.

साधनांसाठी पाटो, पणजी इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रं आहेत. तारखांची यादी घरूनच करून न्या, नाहीतर फायली चाळण्यात आठवडा जातो. ‘गोमन्तक’ विलीनीकरणवादी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा या मताचा, ‘राष्ट्रमत’ त्याच्या विरोधी. एकच वाचलात तर निम्मीच बाजू हाती लागते. कायद्यांचा मूळ मजकूर सरकारी राजपत्राच्या पहिल्या मालिकेत बघा. विधानसभेच्या कामकाजासाठी पर्वरीला जावं लागेल. जाताना विभागप्रमुखांचं पत्र जवळ असू द्या.

आणि प्रबंधिका 1979 ला संपवू नका. शिक्षणमंत्री म्हणून 1990 मध्ये त्यांनी मराठी-कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचं धोरण आणलं. 2011 मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुलं केलं, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या ताई भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आघाडीवर उभ्या राहिल्या. 28 ऑक्टोबर 2016 ला त्या गेल्या. माध्यमाचा तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून या प्रकरणासाठी कात्रणं जमवायला आजच्या पेपरपासूनच सुरुवात करा.