सहा महिने झाले, आता लेकराला काय भरवायचं

लेकरू सहा महिन्याचं व्हायला आलं की घरात उष्टावणाची तारीख काढणं सुरू होतं, मामाला फोन जातात, आणि त्याच्यासोबत ज्याला त्याला सल्ले सुचायला लागतात. कोणी म्हणतं वरणाचं पाणी द्या, कोणी म्हणतं भाताची पेज, आणि शेजारची एखादी आज्जी तर चौथ्या महिन्यापासूनच चहात बिस्कीट बुडवून चाटवा म्हणून मागं लागलेली असती.

माझं म्हणणं पहिलंच सांगून टाकते, आपण लेकरांना लई पातळ खाऊ घालतो. वाटीभर वरणाचं पाणी पिलं की पोट टम्म होतं, आज्जी खूश, पण त्यात डाळ कुठाय? एवढ्याशा लेकराच्या पोटात एका टायमाला 200 मिलीच्या आसपासच मावतं, ते पाण्यानंच भरलं तर दूध पण कमी पितं आणि वजन तिथंच अडकतं. म्हणून भरवायचं ते घट्ट पाहिजे, चमचा जरा वाकडा केला की लगेच सांडू नये, हळूच घसरावं एवढं घट्ट. डाळ शिजवली की वरचं पाणी तुम्ही प्या आणि खालची डाळ लेकराला घोटून द्या, उलटं नको.

सहा महिन्यापर्यंत फक्त अंगावरचं दूध, डॉक्टरनं दिलेलं औषध सोडलं तर दुसरं काहीच नाही. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा घरातले म्हणतात पाणी पाजा, घसा सुकला असेल, पण दूध वरचेवर पाजलं तर त्यातच सगळं पाणी मिळतं. घुटी, ग्राइप वॉटर यातलं काही लागत नाही. सहा महिन्यानंतर मात्र नुसतं दूध पुरत नाही, कारण पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा तोपर्यंत संपत आलेला असतो, आणि सहा ते आठ महिन्यात दुधाशिवाय रोज साधारण 200 कॅलरी वरच्या खाण्यातून जायला पाहिजेत. म्हणजे मुहूर्त दोन महिन्यांनी निघायला म्हणून थांबायचं नाही, मामा यायचा तेव्हा येईल.

कॅलेंडरसोबत लेकराकडं पण बघा. मान नीट धरायला पाहिजे, मांडीवर आधारानं ताठ बसायला पाहिजे, तुम्ही भाकरी खायलात तर तुमच्या हाताकडं टक लावून बघतंय का, तोंड उघडतंय का. अजून एक म्हणजे चमचा तोंडात घातला की जिभेनं सगळं बाहेर ढकलतंय का, ते ढकलत असेल तर त्याला आवडलं नाही असं समजू नका, गिळायची सवय नसती, दोन-तीन दिवस थांबून परत द्यायचं. एकच पदार्थ आठ-दहा वेळा दिल्यावर मग आवडतो असं पण लई होतं. आणि दाताची वाट बघू नका, मऊ खाणं हिरड्यानं पण चावता येतं.

बाकी या वयात लेकरू पालथं पडून परत सुलटं व्हायला लागतं, हाताचा टेकू देऊन थोडा वेळ बसतं, खुळखुळा या हातातून त्या हातात घेतं, हाती लागंल ते तोंडात घालतं, आवाजाकडं वळतं, बा-बा दा-दा सुरू होतं, खळखळून हसतं. सगळं एकाच आठवड्यात होत नाही, जावेच्या पोराशी तर बिलकुल तुलना करू नका. वेळेआधी झालेलं असेल तर डॉक्टरनं बाळंतपणाची जी तारीख दिलेली होती तिथून मोजायचं, म्हणजे दोन महिने आधी झालं असेल तर आठव्या महिन्यात त्याच्याकडनं सहाव्याची अपेक्षा. रांगणं अजून लांब असतं, काही लेकरं तर रांगतच नाहीत, डायरेक्ट उभी राहतात. वॉकर आणू नका, त्यानं चालणं लवकर येत नाही उलट पडतात जास्त, खाली सतरंजी टाका आणि लोळू द्या. पण सहा महिने झाले तरी मान धरत नाही, वस्तूला हात घालत नाही, आवाजाला दाद देत नाही, अंग फार कडक किंवा एकदम लुळं वाटतंय, तर घरच्यांचं 'होईल होईल' ऐकत न बसता डॉक्टरकडं जा.

आता भरवायचं कसं. सुरुवात सकाळी करा, लेकरू झोपलेलं-चिडलेलं नको, थोडं दूध पाजून मग मांडीवर बसवून, आडवं पाडून तर कधीच नाही. पहिले काही दिवस दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी एका टायमाला. नवीन पदार्थ दोन-तीन दिवसाच्या फरकानं, म्हणजे पुरळ आलं, उलटी झाली तर कशामुळं ते कळतं. दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षापर्यंत.

लेकराचं पीठ घरीच करून ठेवा. दोन वाट्या तांदूळ (किंवा ज्वारी) आणि एक वाटी मुगाची डाळ, धुऊन सावलीत कडकडीत वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा, मिक्सरला बारीक काढून चाळून डब्यात. थोडंच करा, पंधरा दिवस पुरंल एवढं. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात, मग हलवत हलवत पाच-सात मिनिटं शिजवायचं आणि वरून अर्धा चमचा तूप. तूप टाकायला कंजूषी नको, थोड्याशा खाण्यात ताकद त्यातूनच जाते.

त्याच्याशिवाय आपल्याकडं काय कमी हाय का? मऊ मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, घट्ट वरणात भिजवून कुस्करलेली भाकरी, वरणातच शिजवलेला पालक, उकडलेला लाल भोपळा, रताळं, अर्धापूरची केळी, सीझनला केसर आंबा. वरणावर दोन थेंब लिंबू पिळलं तर लोह अंगी लागतं. अंडं पूर्ण उकडून सहा महिन्यानंतर देता येतं, शेंगदाण्याचं कूट एकदम बारीक करून खिचडीत चालतं, पण अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार-पाच वर्षापर्यंत हाताला लागू देऊ नका. अंगावर जास्त इसब असेल तर अंडं-शेंगदाण्याचं आधी डॉक्टरला विचारा. मिक्सरची सवय लावू नका, हातानं कुस्करा, आठव्या महिन्यात तर जरा कणीदारच ठेवा.

मीठ, साखर, गूळ लेकरू वर्षाचं होईपर्यंत नको. मध तर बोटाला लावून पण नको, त्यात असलेल्या जंतूच्या बीजांनी एक वर्षाच्या आतल्या लेकराला बोटुलिझम (अंग लुळं पाडणारा आजार) होऊ शकतो, जिवावर बेततं. उष्टावणाला मामानं चांदीच्या चमच्यानं खिरीचं एक बोट चाटवलं तर आभाळ कोसळत नाही, फक्त त्या खिरीत मध नाही ना एवढं बघा. चहा नकोच, चहामुळं लोह कमी शोषलं जातं. गाई-म्हशीचं दूध पिण्यासाठी म्हणून वर्षानंतर. पाणी आता उकळून गार केलेलं, वाटी-चमच्यानं घोट घोट, टँकरचं असो की बोअरचं, उकळल्याशिवाय नाही.

खाताना लेकरू ऑ ऑ करतं, जीभ बाहेर काढतं, खोकतं, तोंड लाल होतं, तेव्हा घाबरून बोट घालू नका, ते स्वतःच बाहेर काढतं. आवाजच बंद झाला, निळं पडायलंय, तर घास अडकलाय, मग पालथं हातावर घेऊन डोकं खाली, पाठीवर पाच थापा, सुलटं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाब, निघेपर्यंत आलटून पालटून, आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

अंगणवाडीत सहा महिन्यापासून तीन वर्षापर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो आणि वजन होतं, आशाताईकडं लोहाचं औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिली. लेकरू आजारी असताना ते थांबवून ताईला विचारा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी भाजलेलं पीठ कोरडंच डब्यात न्यायचं आणि तिथं त्या त्या वेळेला ताजं शिजवायचं, सकाळचं शिजवलेलं दुपारी फडात नको, उन्हात लगेच आंबतं. माता-बाल कार्ड गाठोड्यात न विसरता ठेवा, नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा गोवर-रुबेलाचा डोस आणि व्हिटॅमिन ए कारखान्याच्या गावातल्या उपकेंद्रात पण देतात, कार्डावर तारीख तेवढी लिहून घ्या.