सुडो गेलं, रूटही मिळेना: लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये परत शिरताना या चुका टाळा

सुडो (साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार देणारी कमांड) चालेनासं झालं की लोक आधी मशीन रीबूट करतात. करू नका. एखाद्या टर्मिनलमध्ये रूटचं सेशन उघडं असेल तर दुरुस्ती तिथूनच होते. रीबूटनंतर तीही वाट बंद.

सगळ्यात महागात पडतं ते ७७७, म्हणजे सगळ्यांना वाचायची, लिहायची आणि चालवायची मुभा. फोल्डरमध्ये लिहिता येत नाही म्हणून कोणीतरी सीएचमॉडला (परवानग्या बदलणाऱ्या कमांडला) कॅपिटल आर (आतल्या सगळ्यावर) आणि ७७७ देतो, 'हाच फोल्डर' सांगणाऱ्या टिंब आणि स्लॅशच्या मध्ये चुकून स्पेस पडते, आणि कमांड मूळ स्लॅशपासून अख्ख्या डिस्कवर फिरते. सुडोच्या बायनरीवरचा सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम मालकाच्या अधिकारांनी चालवणारी खूण) उडतो, एसयू या वापरकर्ता बदलणाऱ्या कमांडचाही. सुडोअर्स फाइल (सुडो कोणी वापरायचं याचे नियम) कोणालाही लिहिता येते, म्हणून सुडो तिलाही नाकारतं. होस्टच्या खासगी किल्ल्या उघड्या दिसल्या की एसएसएचडी (दूरून लॉगिन घेणारी सेवा) त्या वापरत नाही. होम डिरेक्टरीही सगळ्यांना लिहिण्याजोगी, त्यामुळे तुमच्या किल्लीनं लॉगिन होत नाही. एवढं सगळं एका स्पेसमुळे, आणि मुळात ७७७ ची गरजच नव्हती. फोल्डरचा मालक बदलला असता तरी भागलं असतं.

रूट मिळालं की आधी सुडोचा मालक रूट करा, मगच ४७५५ द्या. क्रम उलटा झाला तर सीएचओन (मालक बदलणारी कमांड) तो सेटयूआयडी बिट पुन्हा काढून टाकतं. सुडोअर्सला ०४४०, होस्टच्या खासगी किल्ल्यांना ६००, डॉट एसएसएच फोल्डरला ७००. आरपीएम पॅकेजंवाल्या डिस्ट्रोत आरपीएम कमांड सेटयूजीआयडीज आणि त्यानंतर सेटपर्म्स या पर्यायांनी चालवली की पॅकेजांच्या फाइलींचे मालक आणि परवानग्या पूर्ववत होतात. डेबियन-उबुंटूत पॅकेजं पुन्हा बसवत बसावं लागतं. माझं मत विचाराल तर डेटा काढून घ्या आणि मशीन नव्यानं उभं करा.

आता रूट मिळवायचं कसं? हायपरव्हायजरचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कन्सोल उघडा, ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) ई दाबा, 'लिनक्स'नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा, कंट्रोल-एक्स. स्क्रीन काळीच राहिली तर त्याच ओळीतलं 'कन्सोल=टीटीवायएस०' काढा; शेल सिरियल पोर्टवर गेलेलं असतं. इथं घाई नडते. मूळ फाइलसिस्टिम बहुधा रीड-ओन्ली असते, त्यामुळे रीड-राइट रीमाउंट केल्याशिवाय पासवर्ड बदलत नाही. एसईलिनक्स (फाइलींवरची सुरक्षा-लेबलं तपासणारी यंत्रणा) चालू असेल तर स्लॅशखाली 'डॉट ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल बनवा. ती विसरलात तर पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलचं लेबल बिघडलेलं राहतं आणि नवा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. पुढच्या बूटला लेबलिंग बराच वेळ चालतं; 'अडकलं वाटतं' म्हणून मध्येच रीसेट मारणाऱ्यांचं काय करायचं, कळत नाही. बाहेर पडताना सिंक, मग सक्तीचा रीबूट. नुसतं एक्झिट केलंत तर कर्नल पॅनिक.

बाकीच्या चुका लहान, पण रोजच्या:

यूजरमॉडला (वापरकर्त्याचे गट बदलणाऱ्या कमांडला) कॅपिटल जी देऊन छोटा ए विसरणं: तुमचं नाव सुडोची परवानगी असलेल्या सुडो किंवा व्हील गटातून गायब.

सुडोअर्स.डी (सुडोच्या जोड नियमांचा फोल्डर) मधल्या फाइलच्या नावात टिंब ठेवणं: ती फाइल वाचलीच जात नाही, तक्रारही येत नाही.

व्हिसुडोऐवजी (चुका तपासूनच सुडोअर्स जतन करणाऱ्या कमांडऐवजी) साध्या एडिटरनं सुडोअर्स उघडणं. याला कसलीच सबब नाही.

क्लाउडवर ग्रबपर्यंत पोचता येत नसेल तर स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्या, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडा आणि तिथं माउंट करून दुरुस्त करा. दोन्ही मशीन एकाच इमेजवरून बनलेली असतील आणि फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल, तर यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) सारखाच म्हणून माउंट होणार नाही. माउंट करताना 'नोयूयूआयडी' पर्याय द्या. डिस्क बिघडलेली नसते, तिला फॉरमॅट करू नका.