अवे मॅचला जायचंय? मग आधी परतीचं बघा

ग्रुपवर मेसेज पडतो, फातोर्ड्याला मॅच आहे, कोण कोण येतंय. (फातोर्डा म्हणजे मडगावचं फुटबॉल स्टेडियम, एफसी गोवाचं मैदान, म्हणजे आम्हा मुंबई सिटीवाल्यांची अवे मॅच, समोरच्यांच्या गावची.) पहिल्या तासात चाळीस जण हात वर करतात. तिकिटं काढायची वेळ आली की पंधरा उरतात आणि रात्री दादरला कोकणकन्याची वाट बघत प्रत्यक्षात उभे असतात सात. त्यातला एक तर फक्त सोडायला आलेला असतो.

आधी मला याचा जाम राग यायचा, की अंधेरीला घरच्या मॅचला घसा फोडून ओरडता आणि गोव्याला यायचं म्हटलं की मावसभावाचं लग्न निघतं? आता नाही येत, कारण मी स्वतः किती वेळा त्या गळालेल्या तेहतीस जणांत होतो. आणि इतक्या वर्षांत मला एक कळलंय, लोक जात नाहीत ते क्लबवर प्रेम कमी म्हणून नाही, परत कसं यायचं हे डोक्यात बसत नाही म्हणून. जायचा रस्ता सगळ्यांना दिसतो, रात्री पावणेदहाला स्टेडियमच्या बाहेर आल्यावर पुढे काय, ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून हे सगळं उलटं लिहितोय, शेवटापासून. मुंबई सिटी विरुद्ध एफसी गोवा हे उदाहरण घेतोय कारण मुंबईकराला त्यातल्या त्यात जमण्यासारखी अवे तीच.

तर आधी सोमवार सकाळ बघायची. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) मॅच बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसातला असते. दोन हाफ, मधला ब्रेक, इंज्युरी टाइम धरून साडेनऊ वाजतात, वर कधीकधी पोलिस आपल्या स्टँडला थांबवून ठेवतात, आधी घरच्या लोकांना जाऊ दे म्हणून. म्हणजे दहा धरा. आता मडगावहून मुंबईच्या गाड्या आठवा. मांडवी सकाळी, वंदे भारत दुपारी, कोकणकन्या संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. मॅचची शिट्टी वाजायच्या आधीच तिन्ही गेलेल्या. प्रायव्हेट स्लीपर बसेस पण बऱ्याचशा संध्याकाळीच सुटतात. मंगळुरूकडून येणारी रात्रीची गाडी मिळू शकते, पण त्यात मडगावहून कन्फर्म बर्थ मिळणं नशिबाची गोष्ट आणि मॅच लांबली की ती गाडी तुमच्यासाठी थांबणार नाही. सरळ हिशोब असा, शनिवारची मॅच असेल तर रात्री राहा, रविवारी आरामात या. रविवारची असेल तर सोमवारची सुट्टी आत्ताच टाका. आणि मधल्या वारी असेल तर दोन सुट्ट्या लागतात, ते जमत नसेल तर ग्रुपवर "मी" लिहूच नका, प्लीज, रूम बुक करणाऱ्याचे हाल होतात.

मधल्या वारावरून आठवलं. २४ एप्रिल २०२४, बुधवार, सेमीफायनलचा पहिला लेग, म्हणजे दोन मॅचपैकी पहिली, फातोर्ड्यात. गोव्याच्या बोरिस सिंगने सोळाव्या मिनिटाला मारला, मग ब्रँडन फर्नांडिसने दुसरा, ५६व्या मिनिटाला. दोन-शून्य, आणि आम्ही मूठभर निळे लोक त्या नारिंगी गर्दीत तोंड पाडून बसलेलो. आमच्यातल्या एका दादाचं रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं, दुसऱ्या दिवशी ऑफिस. ८८व्या मिनिटाला त्याने बॅग उचलली, म्हणाला चला आता काय उरलंय. तो गेटच्या बाहेर पडून पायलट शोधत होता (पायलट म्हणजे विमानाचा नव्हे, गोव्यातली ती पिवळी-काळी मोटारसायकल टॅक्सी) आणि आत आमच्या छांगटेने एक मारला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रतापने बरोबरी केली. मी त्याला फोन लावतोय, तो उचलत नाही कारण तो पायलटच्या मागे बसलेला. मग ९०+६, परत छांगटे, तीन-दोन! त्याने स्टेशनवर फोन उचलला तेव्हा आमच्या आवाजात त्याला काही कळेना, त्याला वाटलं मारामारी झाली. वर ती गाडी तासभर लेट निघाली. आज पण त्याला कोणी "किती वाजले रे" विचारलं तर तो उठून जातो.

तर रूम घ्या. आणि ती मडगावात घ्या. इथेच निम्मे लोक चुकतात, गोवा म्हटलं की डोक्यात बागा-कळंगुट येतं, तिथे स्वस्त मिळाली म्हणून रूम घेतात, आणि ते आहे उत्तर गोव्यात, फातोर्डा दक्षिणेत, मध्ये चाळीसेक किलोमीटर. रात्री दहाला तिथपर्यंत जायला टॅक्सीवाला जे सांगेल ते द्यावं लागतं, ओला-उबर तिथे चालत नाही, गोवामाइल्स नावाचं ॲप आहे ते आधीच टाकून ठेवा. समुद्र हवाच असेल तर कोलवा बघा, मडगावहून सहा-सात किलोमीटर. नाहीतर कदंब बसस्टँडच्या आसपास साधं लॉज घ्या, तिथून स्टेडियम चालत आहे. आणि जेवणाची सोय मॅचच्या आधी करून ठेवा, मडगाव लवकर झोपतं. एकदा आम्ही जिंकून आलो आणि विजयाची पार्टी म्हणून एका बंद होणाऱ्या टपरीवरचे शेवटचे चार रोस आमलेट पाव सात जणांत वाटून खाल्ले, ग्रेव्ही कोणाला किती यावर मॅचपेक्षा जास्त वाद झाला.

आता जायचं बघू, ते सोपं आहे. रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या पकडली की सकाळी मडगाव, अख्खा दिवस हातात. पहाटे निघणार असाल तर जनशताब्दी, तेजस किंवा वंदे भारत, वंदे भारत शुक्रवारी नसते आणि पावसाळ्यात आठवड्याचे दिवस अजून कमी होतात. स्लीपरचं भाडं पाचशेच्या आत, वंदे भारतला त्याच्या चौपट तरी धरा. रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ च्या आधी एकशेवीस होते. गोची अशी की लीगचं वेळापत्रक तेवढं आधी हातात येईल याची गॅरंटी नाही. २०२४-२५ ला पहिल्यांदा फक्त डिसेंबरअखेरपर्यंतचं वेळापत्रक दिलं होतं, आणि २०२५-२६ चा सीझन तर वेळेवर सुरूच झाला नाही, लोकांनी कसलं बुकिंग करायचं. त्यामुळे माझी पद्धत अशी, तारीख आली त्याच रात्री स्लीपरचं तिकीट काढून टाकायचं, मॅच सरकली तर कॅन्सल. कन्फर्म स्लीपर बरेच दिवस आधी कॅन्सल केलं तर माणशी १२० रुपये कापतात, थर्ड एसीला १८० आणि वर जीएसटी. एवढा जुगार परवडतो. तत्काळच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी सकाळी अकराला स्लीपरचं तत्काळ उघडतं आणि कोकण रेल्वेवर ते किती वेळात संपतं हे गणपतीला गावी जाणाऱ्या कोणालाही विचारा.

अजून एक, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत चालतं, गाड्या हळू धावतात, वेळा बदलतात. सीझन सप्टेंबरला सुरू झाला तर पहिल्या एक-दोन अवे त्यातच येतात, तेव्हा मागच्या वेळी गाडी किती वाजता पोचली होती हे विसरा.

गाडीने जायचं असेल तर मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही बोलत नाही, २०११ पासून काम चालू आहे एवढंच. बरेच जण पुणे-कोल्हापूर करून आंबोलीवरून उतरतात, लांब पडतं पण पाठ शाबूत राहते. फक्त बाईकवर रात्रभर जाऊ नका. २०२२ ची फायनल फातोर्ड्याला होती, हैदराबाद विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, स्टेडियम पिवळंधमक झालं होतं, पण त्या मॅचला बाईकवरून निघालेली केरळची दोन पोरं वाटेत कासरगोडजवळ अपघातात गेली. मॅच बघायला निघालेली पोरं. मला तेव्हापासून ग्रुपवर कोणी "बाईक राइड मारू का" लिहिलं की मी सरळ नाही म्हणतो, मग काकाछाप म्हणा नाहीतर काही म्हणा.

कोल्हापूर निघालंच आहे तर सांगतो. फुटबॉलचं वेड बघायचं तर शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध दिलबहार या तालमींची मॅच असेल तर अख्ख्या पेठा रस्त्यावर. पण तिथे अवे हा प्रकारच नाही, कारण सगळी लीग एकाच मैदानावर, दोन्ही बाजूचे फॅन आपापल्या पेठेतून चालत येतात. मुंबईत पण पूर्वी तेच, कूपरेजला सगळे. म्हणजे आपल्याकडे बापाने पोराला बोट धरून दुसऱ्या गावी मॅचला नेलंय ही सवयच नाही. इंग्लंडमध्ये ती आहे, तिथे प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या फॅन्ससाठी तीन हजारांपर्यंत तिकिटं राखून ठेवावी लागतात आणि त्या तिकिटाची किंमत २०१६ पासून तीस पौंडांच्या वर नेता येत नाही. शिवाय बरीच गावं अशी की मॅच बघून रात्री घरी. इथे गुवाहाटीला जायचं म्हणजे विमानच, बापाचं बोट धरून कोण नेणार.

त्यामुळे आपल्याकडचा अवे फॅन बहुतेक वेळा प्रवास न करणारा असतो, हे गमतीशीर आहे. अंधेरीला ब्लास्टर्स आले की पिवळे शर्ट कुठून येतात? कोचीहून थोडे येतात, बाकी सगळे कल्याण, वसई, नवी मुंबईचे मल्याळी, लोकल पकडून. गोव्याची मॅच असली की वांद्रे आणि मालाडच्या ओर्लेमचे लोक नारिंगी घालून हजर, अवे मॅचचं रिटर्न तिकीट मालाड-अंधेरी. याचा फायदा आपणही घ्यायचा, बेंगळुरूला मॅच असेल तर तिथे आयटीत गेलेले आपले किती जण आहेत, त्यांना आठवडाभर आधी गाठा, झोपायची सोय पण होते आणि तिथल्या कांतीरवा स्टेडियमवर दहाचे तीस होतात.

माणसं किती हवीत तर कमीत कमी पाच. पाचाच्या खाली आवाज निघत नाही आणि एकाने दांडी मारली की रूमचा हिशोब कोसळतो. पैसे आधी घ्यायचे, "तिथे गेल्यावर देतो"वाल्याला लिस्टमध्ये धरायचं नाही, कितीही जवळचा असला तरी. तिकिटं स्वतःच्या मनाने कुठल्याही स्टँडची काढू नका, आधी आपल्या फॅन ग्रुपला, म्हणजे वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाल्यांना विचारा की अवे स्टँड कुठला दिलाय. मी पहिल्या वेळी शहाणपणा करून स्वस्तातलं काढलं आणि नव्वद मिनिटं नारिंगी लोकांत जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावून बसलो, गोव्यात, जॅकेट. कोणी काही बोललं नाही हां, शेजारच्या आजोबांनी तर चणे दिले, पण गोल झाल्यावर उठता येत नाही याच्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

गेटवर पाण्याची बाटली, पॉवरबँक, लायटर, नाणी, झेंड्याची काठी, यातलं काय काय काढून घेतील ते त्या दिवशीच्या पोलिसावर आहे. बॅग लॉजवरच ठेवा. मोठा बॅनर असेल तर क्लबकडून आधी परवानगी, नाहीतर दोनशे किलोमीटर नाही, पावणेसहाशे किलोमीटर वाहून आणलेलं कापड गेटबाहेर रिक्षात पडून राहतं. फोन फुल चार्ज करून जा.

आणि एका खेळाडूसाठी अवे प्लॅन करू नका. ऑक्टोबर २०२५ ला रोनाल्डोची सौदी टीम अल नस्र फातोर्ड्याला आली तेव्हा कुठकुठून लोक रोनाल्डो बघायला आले, तो भारतात आलाच नाही. मॅच तशी मस्त झाली, गोवा दोन-एक हरलं, ब्रायसनने एक मारला, पण सात नंबरची जर्सी घालून आलेल्यांचे चेहरे बघायचे होते. त्याच्या आधी २०२३ ला नेमारसाठी पण तेच. नेमारच्या अल हिलालविरुद्धची मुंबई सिटीची "घरची" मॅच अंधेरीला नव्हे, नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती, आणि नेमार आधीच जखमी होऊन बसलेला.

मग जायचं कशाला? मला विचाराल तर २०२१ मुळे. मुंबई सिटीने आयएसएलची फायनल पहिल्यांदा त्याच फातोर्ड्यात जिंकली, १३ मार्चला, बिपिनने शेवटच्या मिनिटाला मोहन बागानला गोल घातला, आणि कोविडमुळे स्टँडमध्ये एक माणूस नव्हता. मी घरी टीव्हीसमोर ओरडलो तर खालच्या मजल्यावरून फोन आला, सगळं ठीक आहे ना. तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा गेट उघडले की ते स्टेडियम सोडायचं नाही.

राहता राहिलं घरी काय सांगायचं. "गोव्याला चाललोय" असं अजिबात सांगू नका, आई काजू सांगते, भाऊ दुसरंच काहीतरी सांगतो आणि दोन चुलतभाऊ गाडीत बसतात ज्यांना ऑफसाइड माहीत नाही आणि जे साडेसातला बीचवरून उठत नाहीत. "मडगावला काम आहे" म्हणा. मडगावला काम आहे म्हटलं की कोणी सोबत येत नाही.